भाकरी बंद, स्टेअरिंग चालू

एस.टी.च्या डेपोत दोन गोष्टींचा ढीग कधी कमी होत नाही. एक, प्रवाशांनी विसरलेल्या छत्र्या. दुसरे, किस्से. छत्री न्यायला निदान कुणीतरी येतं. किस्सा ज्याचा असतो तो मात्र सरळ म्हणतो, "आपण नाय बुवा त्यातले!" माझ्याकडं तर एकट्या महेबूबभाईंचेच इतके साठलेत, की आमची ही म्हणते, "एकदाचे कुणाला तरी सांगून टाका आन् मला मोकळं करा." म्हणून आज तुम्ही सापडलात!

मी कंडक्टर. आमच्याकडं कंडक्टरला मास्तर म्हणतात, मग तो सहावी नापास का असंना. महेबूबभाई माझे ड्रायव्हर. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे. निजामाच्या राज्यात ते स्टेअरिंगवर बसले आणि महाराष्ट्र झाला तरी खाली उतरले नाहीत. आमची लाईन उस्मानाबाद ते वाशी, मुंबईजवळची नव्हे, आमच्या जिल्ह्यातली. सकाळी एक फेरी जाऊन येऊन, दुपारनंतर दुसरी. मधी येडशी, येरमाळा, तेरखेडा.

माणूस सोन्यासारखा, पण राग नाकावर. रस्त्यात गाडीवान आडवा आला की यांच्या कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या. पोट असं, की वळण घेताना भोंगा आपोआप वाजायचा. आम्ही त्याला तब्येत म्हणायचो!

*

एका वर्षी ड्रायव्हर लोकांची तपासणी निघाली. डॉक्टरनं दंडाला पट्टा बांधला, रबरी फुगा दाबला. पारा सर्रकन वर गेला.

महेबूबभाई कौतुकानं बघत होते. म्हणाले, "साहेब, ये तो अपनी गाडी से जल्दी चढ्या!"

डॉक्टर काही हसला नाही. म्हणाला, "ब्लडप्रेशर आहे. औषध घ्या, वजन उतरवा. लांबच्या गाड्या बंद, वाशीची लाईन तेवढी करा. तीन महिन्यांनी सोलापूरला मोठे साहेब तपासतील. तोवर उतरलं नाही, तर स्टेअरिंग सोडायचं आणि डेपोत गाड्या धुवायच्या."

बाहेर आल्यावर महेबूबभाई कडुलिंबाखाली बसले. एवढा गरजणारा माणूस, आवाज पार खाली आलेला. "मास्तर, पाण्याच्या बादल्या उचलायचं मला कमीपणाचं न्हाय. पण आपली गाडी दुसरा कुणी घेऊन निघाला, आन् मी हातात फडकं घेऊन बघत उभा... ते बघवंल का मला?"

मला लई वाईट वाटलं. मी म्हटलं, "भाई, उतरवूच आपण. मी हाय ना!"

हे माझं 'मी हाय ना' मला पुढं किती महागात पडलं, ते ऐका.

*

बाजारातल्या डॉक्टरांनी दोन गोष्टी दिल्या. गोळ्यांची बाटली, एक सकाळी आणि एक संध्याकाळी. आणि खाण्याचा कागद. भाकरी बंद, भात बंद, साखर, गूळ, बटाटा बंद. मीठ कमी. पालेभाजी खा, ताक प्या, अंडं चालेल, मटण बेतानं चालेल.

महेबूबभाईंनी 'मटण चालेल' एवढंच ऐकलं. "क्या बात है! असा आजार आधीच का नाय झाला?"

दोन दिवस खुशीत गेले. तिसऱ्या दिवशी येरमाळ्याला डबा उघडून नुसते बसून राहिले. मी विचारलं, "काय झालं? भाभी मीठ विसरल्या का?"

"मास्तर," ते रडकुंडीला येऊन म्हणाले, "मटणाच्या फोडी खाल्ल्या. आता रस्सा कशानं पुसू? रुमालानं?"

ज्वारीची भाकरी नसंल तर आमच्याकडचा माणूस जेवला असं त्याचं त्यालाच पटत नाही. पोट भरतं, पण जेवण व्हायचं राहून जातं. पुढचे आठ दिवस महेबूबभाई जेवल्यावर सुद्धा मला विचारायचे, "मास्तर, जेवायला कधी बसायचं?"

*

रुकैयाभाभी हुशार. नवरा दिवसभर लाईनवर, कुठं काय खाईल सांगता येत नाही. त्यांनी तेरखेड्याच्या धोंडाबाईला, रोज आमच्याच गाडीनं येणाऱ्या भाजीवालीला, एवढंच सांगितलं, "मावशी, जरा ध्यान ठेवा." दुसरं काही नाही.

झालं! चार दिवसांत सगळ्या लाईनला खबर. येरमाळ्याचा हॉटेलवाला बिनसाखरेचा चहा पुढं ठेवायचा. भाईंनी डोळे वटारले की म्हणायचा, "धोंडाबाईंचं नाव घेऊन ओरडा, माझं न्हाय!" एकदा येडशीला भाईंनी खिशातून गुळाचा खडा काढला, तर मागच्या सीटवरून एक अनोळखी म्हातारा ओरडला, "ड्रायव्हरसाहेब, ठिवा त्यो खाली! मला घरी जायचंय!"

वाशीला तर पूर्वीपासून रीत. सणावाराला कुणी ना कुणी ड्रायव्हर-कंडक्टरला जेवण आणायचंच. आता बाया डबा घेऊन यायच्या, भाईंना दुरून रामराम करायच्या आणि मला बाजूला घ्यायच्या. "मास्तर, पोळी तुमीच खावा. दोघांची हाय. भाईला दावू नगा बरं, जीव जाईल त्यांचा."

अन्न टाकायचं कसं? मी खायचो. गाडीच्या मागं, टायरच्या आडोशाला बसून, दोघांचं! मीच म्हटलेलं ना, 'मी हाय ना'. त्या तीन महिन्यांत त्यांचं वजन जेवढं उतरलं, तेवढं माझं चढलं. गाडीचा लोड तेवढाच राहिला.

*

मधी ढोकीला त्यांच्या साडूकडं लग्न होतं. स्टेशनपासून बैलगाडी. महेबूबभाई पुढं गाडीवानाच्या शेजारी बसले आणि मी मागं गाडीची कड घट्ट धरली. कारण हा माणूस दुसऱ्याच्या गाडीत बसू शकत नाही. चाकं दुसऱ्याच्या हातात गेली की याचा जीव वर-खाली होतो.

निघाल्यापासून सुरू. "डावीकडं घे. आरं, खड्डा दिसतो का न्हाय? उतार हाय, उतार!" आणि प्रत्येक उताराला यांचा उजवा पाय समोरच्या फळीवर खाड्कन!

पाचव्यांदा पाय आपटल्यावर गाडीवानानं गाडी उभी केली, खाली उतरला, फळी मोडली नाही ना ते बघितलं आणि शांतपणे म्हणाला, "भाई, बैलाला बिरेक नस्तो."

लग्नात जेवायला दम की बिर्याणी होती. महेबूबभाईंनी भात सोडला आणि नुसत्या बोट्या वेचून खाल्ल्या. साडू अजून बोलत नाही त्यांच्याशी.

*

आता गोळीचं ऐका. चैत्रात येरमाळ्याची जत्रा. जादा गाड्या सुटल्या. आम्ही सकाळपासून उस्मानाबाद-येरमाळा नुसत्या खेपा मारत होतो. टपावर माणसं, दारात माणसं.

तिसऱ्या खेपेपासून मला काहीतरी वेगळं वाटायला लागलं. भोंगा वाजत नव्हता. शिव्या ऐकू येत नव्हत्या. चौथ्या खेपेला रस्त्यात मेंढरांचा कळप आला. एरवी त्या धनगराच्या सात पिढ्यांचा उद्धार झाला असता. महेबूबभाईंनी गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं, खिडकीवर हनुवटी ठेवली आणि हसून म्हणाले, "जाऊ द्या त्यांना. त्यांना बी घर हाय."

मी धावत पुढं गेलो. "भाई, बरं हाय ना?"

"लई बरं हाय, मास्तर. सगळी दुनिया चांगली हाय."

मी गाडी तिथंच ठेवली, मागून येणाऱ्या गाडीत त्यांना घातलं आणि सरळ डॉक्टरांकडं. डॉक्टरांनी बाटली मागितली, गोळ्या मोजल्या आणि स्वतःच घाम पुसला.

"एका दिवसात चार? अहो, मी एक सकाळी, एक संध्याकाळी सांगितली होती!"

"तसंच घेतो ना, साहेब. सकाळच्या फेरीला एक, संध्याकाळच्या फेरीला एक. फेरीला एक, सीधा हिसाब! आज चार फेऱ्या झाल्या."

"गोळी घड्याळावर घ्यायची असते, फेरीवर नाही!"

"साहेब," महेबूबभाई प्रेमानं म्हणाले, "घड्याळ डेपोत टांगलंय. माझ्याजवळ फेरीच असती."

त्या दिवशी त्यांना दवाखान्यातच झोपवून ठेवलं. दुसऱ्या दिवसापासून बाटली माझ्या पिशवीत, तिकिटांच्या शेजारी. सकाळी आठला आणि संध्याकाळी आठला मी गोळी फाडून द्यायचो, म्हणजे काढून द्यायचो. सवय!

*

दोन महिन्यांनी खाकी पँट कमरेवर राहीना. आमच्या डेपोतला नागनाथ मिस्त्री पट्ट्याला नवीन भोकं पाडून द्यायचा. आधी एक, मग दुसरं, तिसऱ्याला म्हणाला, "भाई, आता पट्टा नका आणू, सुतळी आणा!"

आम्ही सगळे खूश. आणि एक दिवस येरमाळ्याला महेबूबभाई केबिनमधून खाली उतरले, दोन पावलं टाकली आणि मटकन रस्त्यावर बसले. "मास्तर, अंधारी आली." नशीब, गाडी उभी होती.

मग काय, सगळे डॉक्टर झाले! हॉटेलवाला साखरेचा चहा घेऊन पळत आला. एकजण म्हणाला, "त्या गोळ्या आधी फेका." धोंडाबाई तर रडायलाच लागली, "भाकर तोडून माणूस जगतंय व्हय? माज्याच जिभंला हाड न्हाय!"

मी कुणाचं ऐकलं नाही. बदली ड्रायव्हर मागवला आणि भाईंना घेऊन डॉक्टर गाठले. सोबत बदली ड्रायव्हरबरोबर आलेला नागनाथ मिस्त्री. डॉक्टरांनी आडवं झोपवून प्रेशर बघितलं, मग उभं करून बघितलं. उभं केलं की पारा भलताच खाली.

"गोळी तेवढीच चालू आहे? आणि वजन एवढं उतरलं? मग मला दाखवायला का आला नाहीत?"

"बरं वाटत होतं, साहेब. बरं वाटताना डॉक्टरकडं कोण येतं?"

नागनाथ मिस्त्रीनं मधीच तोंड घातलं. "साहेब, म्हंजी माल उतरवून गाडी रिकामी झाली, तरी ह्ये घाटातल्या गिअरमधीच हाणतेत. आसंच ना?"

डॉक्टर खुर्चीवरून उठले. "मिस्त्री, तुम्ही बसा इथं. मी जातो डेपोत."

मग त्यांनी गोळी अर्धी केली आणि बजावलं, "मनानं वाढवायची नाही, मनानं सोडायची नाही. खाणं बदललं, वजन उतरलं, की आधी मला सांगायचं. दर आठवड्याला यायचं."

आठवड्याला जायला लागले. अंधारी गेली. प्रेशर बेतात राहिलं. आणि सोलापूरची तारीख आली.

*

त्या दिवशी भाभींनी डब्यात नुसती मेथी आणि अंडी दिली. गोळी घड्याळ बघून आठला दिली. सगळं बरोबर. चूक एकच झाली. सोलापूरला जायचं, म्हणजे प्रवासी म्हणून जायचं, हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही!

गाडीवर होता दत्तू. नोकरीला लागून वर्ष झालेलं. आम्ही पहिल्या सीटवर, बरोब्बर त्याच्या मागं. तुळजापूरचा घाट आला.

"गिअर टाक. आरं, गिअर! इंजिन रडतंय, ऐकू येत न्हाय का? या अल्ला! कडेला कुठं चालला?"

दत्तूनं घाबरून भलताच गिअर टाकला. भाईंचा पाय पत्र्यावर खाड्, खाड्. सोलापूर येईपर्यंत त्यांच्या कानाच्या पाळ्या जास्वंदीसारख्या लाल!

मोठ्या साहेबांची खोली सोलापूरच्या डेपोतच. त्यांनी पट्टा बांधला. पारा चढला तो खाली यायचं नाव घेईना. साहेबांनी मान हलवली. "अर्धा तास बाकावर शांत बसा. पुन्हा बघू."

बसले. पण बाकासमोर खिडकी, आणि खिडकीबाहेर दत्तू आमची गाडी रिव्हर्स घेत होता. एकदा घेतली, तिरकी गेली. पुन्हा पुढं. पुन्हा मागं. कुंपणाचा खांब जरा वाकला. महेबूबभाईंच्या घशातून नुसता आवाज येत होता. अर्ध्या तासानं बघितलं, तर पहिल्यापेक्षा जास्त!

साहेबांनी कागद पुढं ओढला आणि पेनाचं टोपण काढलं. भाईंनी खाली मान घातली. मला एकदम ती बादली आणि फडकं दिसायला लागलं. मी सरळ हात जोडले.

"साहेब, तीन महिने ह्या माणसानं भाकरी बघितली न्हाय. एकच विनंती हाय. तुमचं मशीन घेऊन गाडीपर्यंत चला."

साहेब भला माणूस. आला. मी दत्तूला खाली उतरवलं. महेबूबभाई वर चढले, सीटवर बसले, आरसा नीट केला, एक हात स्टेअरिंगवर ठेवला आणि दुसरा साहेबांपुढं केला. इंजिन बंद. पाच मिनिटं गेली.

साहेबांनी फुगा दाबला. पाऱ्याकडं बघितलं. चष्मा पुसून पुन्हा बघितलं. मग तिसऱ्यांदा. मग भाईंच्या तोंडाकडं बघितलं. भाई समोर रस्त्याकडं बघत होते, कानाच्या पाळ्या नेहमीच्या रंगाच्या.

खालून दत्तू म्हणाला, "साहेब, माझं बी बघा. घाटापासून छाती धडधडतीया."

साहेबांनी बॉनेटवर कागद ठेवून लिहिलं, सही केली, शिक्का मारला आणि माझ्या हातात दिला. भाई विचारायला लागले, "काय लिवलंय, मास्तर? वाचा की!"

मी मोठ्यानं वाचलं, "ड्रायव्हर म्हणून फिट. प्रवासी म्हणून अनफिट. परत जाताना गाडी यांनीच चालवावी."