तीनदा धुवायच्या पेशी

त्या वर्षी गारखेड्यातल्या आमच्या खोलीवर टँकर आठवड्यातून एकदाच यायचा. मी एमएस्सीच्या प्रकल्पावर होते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच.

काम असं होतं. एकटा इलेक्ट्रॉन असलेला एक रेणू, म्हणजे लेबल, पेशींत सोडायचा. चुंबकाच्या यंत्रावरच्या आलेखात त्याची तीन शिखरं दिसतात. पेशीच्या आत क जीवनसत्त्वासारखे पदार्थ त्या इलेक्ट्रॉनला गाठून जोडीदार देतात आणि शिखरं बसत जातात. माझ्या प्रकल्पाच्या सरांनी इलेक्ट्रॉनभोवती जास्त आडोसा असलेलं नवं लेबल बनवलं होतं. ते आत किती टिकतं, एवढंच पाहायचं होतं.

लेबल दिल्यावर पेशी मीठ घातलेल्या शुद्ध पाण्यानं तीनदा धुवायच्या, म्हणजे बाहेर उरलेलं निघून जातं. मी एकदाच धुतल्या. ते शुद्ध पाणी करताना नळाचं कितीतरी पाणी मोरीत जातं, हे मी रोज बघायचे. घरी मेंढरांनी पिऊन उरलेल्या पाण्यात आम्ही भांडी घासलेली. दुसऱ्यांदा ओतायला हातच धजावला नाही. वाटलं, एवढ्यानं काय होतंय.

अर्धा तास झाला तरी शिखरं जराही बसली नाहीत.

"काय जादू केलीस गं?" बरोबरची सीनियर ताई म्हणाली. "आता पेढे आण, नुसतं हसून चालणार नाय."

सर खुर्चीतून उठलेच. "परिषदेला पाठवू या हे. उद्याच लिहितो."

यंत्राला दिसत होतं ते बाहेरचंच लेबल असणार. तिथं त्याला गाठणारं कुणी नव्हतं. सांगितलं तर प्रकल्प जाईल. मग घरी काय सांगू? तिथं प्रकल्प म्हणजे काय हेच कुणाला ठाऊक नव्हतं. दोन दिवस सरांसमोर जायचं टाळलं. तिसऱ्या दिवशी सरांच्या दारात उभी राहिले.

"सर, मी एकदाच धुतल्या होत्या."

"का?"

"पाणी लई वाया जातं म्हणून..."

ते चहाचा कप घेऊन उठले. मग म्हणाले, "आता धू. माझ्यासमोर."

नव्यानं लेबल देऊन पेशी तीनदा धुतल्या. नळी ताईनं धरली. सरांचा चहा संपायच्या आत शिखरं बसली.

सरांनी परिषदेसाठी लिहिलेला मजकूर पुसला. "उद्या दहाला. ताज्या पेशी लागतील," म्हणाले. ते मला म्हणाले की ताईला, हे विचारायचं धाडस झालं नाही. सकाळी नऊलाच जाऊन कुलूपबंद दारापाशी थांबले.