निसरड्या सकाळचं मतदान

नेदरलँड्समधल्या आमच्या झूटरमेर गावच्या मराठी मंडळींचं एक आहे. एकाने किस्सा सांगितला की दुसऱ्याला त्याहून भारी आठवतो, आणि चहा गार होतो! त्यात कोरोनाच्या दुसऱ्या हिवाळ्याचा विषय निघाला तर विचारूच नका. आमची मैत्रीण वैशाली तेव्हा नगरपालिकेची निवडणूक लढवायला निघाली होती. गावातल्या एका छोट्या पक्षाचं शेवटचं तिकीट उरलेलं, आणि समोर हेंक नावाचे आजोबा. ते कुणाला द्यायचं यावर पक्षाच्या सभासदांनी हॉलवर येऊन मत द्यायचं, ऑनलाइन चालणार नाही. आम्ही सगळे तिच्यासाठीच मेंबर झालेलो.

*

सभेच्या दिवशी सकाळी पाऊस पडला आणि जमिनीला टेकताच गोठून त्याची काच झाली. गरज नसेल तर बाहेर पडू नका, असा इशारा फोनवर आला.

"अगं, येतील ना गं सगळे?" वैशालीने फोन करून विचारलं.

ग्रुपवर 'नक्की येतो' आणि अंगठ्यांची रांग लागलेली. आपला माणूस 'बघतो' म्हणाला तर थोडी आशा असते. 'नक्की' म्हणाला की संपलं!

*

पहिला फोन प्रसादचा. हा दरवर्षी ऑस्ट्रियाला स्कीइंगला जातो आणि फोटो टाकून आम्हाला जळवतो.

"स्नो असता तर आलो असतो गं," तो म्हणाला. "हा आइस आहे!"

*

मग केतकी. "सेल्फ टेस्ट निगेटिव्ह!" मी देवाला हात जोडले. थोड्या वेळाने परत फोन. "मनाचं समाधान होईना, म्हणून दुसरी केली."

"मग?"

"तीही निगेटिव्हच. पण आता घसा खवखवतोय."

*

हॉलच्या खिडक्या कोरोनामुळे सताड उघड्या. आम्ही कोट घालून कुडकुडतोय, आणि हेंकआजोबांची माणसं एकेक करून येताहेत. सत्तरी उलटलेली, बुटांवरून लोकरीचे मोजे चढवलेली!

"त्याने पाय घसरत नाही म्हणे," माझा नवरा म्हणाला.

"मग आपल्या लोकांना सांग ना!"

"सांगितलं. सगळे मोजे शोधताहेत."

*

मतदान तोंडावर आलं आणि वैशालीच गायब! खिडकीतून वाकून बघते, तर ही रस्त्यावर, एका म्हाताऱ्याला दंडाला धरून इंच इंच पुढे आणतेय. यानकाका! हेंकआजोबांचे मासे पकडायच्या दिवसांपासूनचे दोस्त.

"अगं, तो हेंकचा माणूस आहे! सोड त्याला!" मी मराठीत ओरडले.

"पडेल गं तो!"

काकांना वाटलं, मी त्यांचं स्वागत करतेय. त्यांनी हसून हात हलवला.

वैशाली एका मताने हरली. मला तर रडूच कोसळलं. ती मात्र खुर्च्या आवरायला लागली. यानकाका तिच्याजवळ आले, मास्क नीट केला.

"मत हेंकलाच दिलं. शब्द दिला होता."

"माहितीये मला, काका."

काका तिथेच घुटमळले. बाहेरच्या रस्त्याकडे बघितलं, मग तिच्याकडे.

"हेंक पार्टीला गेला. आता मला घरी कोण सोडणार?"