सुमन धरणात बुडाली

आमच्या सुमनवहिनींना मी एका रविवारी दुपारी धरणात बुडवलं, तेव्हा त्या यवतमाळला, लोहाऱ्यात, लेकीच्या ओट्यापाशी उभ्या राहून मेथीचे पराठे लाटत होत्या.

याचं मूळ माझ्या थोरल्या भावात आहे. दादा नौदलातून रिटायर होऊन पांढरकवड्याला परत आले. आमच्या गावाहून समुद्र गाठायचा तर कुठल्याही दिशेला निघा, जेवणाचे दोन डबे लागतात. बाकीची माणसं रिटायर झाली की प्लॉट घेतात, गुडघे दाखवायला नागपूरला जातात. दादांनी यॉट क्लब काढला. यॉट क्लब! गावाबाहेरच्या धरणावर! विशाखापट्टणमहून एक जुनी शिडाची होडी त्यांनी परतीच्या ट्रकवर टाकून आणली. बोर्ड रंगवायला दिला, तर पेंटरने 'यॉट' हा शब्द आमचीच चूक समजून दुरुस्त केला आणि 'पांढरकवडा प्लॉट क्लब' असं ठळक अक्षरांत लिहून आणलं. पहिल्या महिन्यात आमच्याकडे जेवढे लोक आले, ते सगळे स्क्वेअर फुटाचा भाव विचारायला आले.

तरी हळूहळू सभासद जमले. दातांचे डॉक्टर काळबांडे, कापसाच्या जिनिंगचे मॅनेजर, शाळेतले दोन मास्तर, असे. आणि सेक्रेटरी मी! मला होडी चालवता येत नाही, पोहता येत नाही, आणि वारा कुठून येतो हे पंख्याखाली बसल्याशिवाय कळत नाही. पण माझं चष्म्याचं दुकान आहे, दुपारी गिऱ्हाईक नसतं, आणि मला लिहायची हौस.

"क्लब म्हणजे नुसती होडी नाही, दादा," मी म्हणालो होतो. "सभासदाईले कळवलं पाह्यजे!"

आणि मी क्लबच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळवत राहिलो. 'उद्या वारा नैऋत्येकडून अपेक्षित. सभासदांनी टोप्यांना दोऱ्या बांधून याव्यात.' 'धरणावर बैल धुणाऱ्यांशी हुज्जत घालू नये; ते आपल्या आधीपासून तिथे आहेत.' प्रत्येक सूचनेखाली डॉक्टर न चुकता जोडलेले हात टाकायचे. मला वाटायचं, आता पांढरकवडा सुधारला.

होडीला नाव दादांनी स्वतः दिलं. कुणालाही न विचारता, उन्हात उकिडवं बसून, लाल पेंटने त्यांनी होडीच्या कडेला लिहिलं: 'सुमन'. आता आमचे दादा म्हणजे कसे, तर भाजी फक्कड झाली तर काही न बोलता दुसऱ्यांदा वाढून घेणारे. एवढ्या वर्षांच्या संसारात त्यांनी बायकोचं उघड कौतुक केलेलं मी ते एकदाच पाहिलं. वहिनींनी नाव वाचलं. "अक्षर बरं काढलं तुमी," एवढंच म्हणाल्या. पण परत निघताना रिक्षातून मान वळवून वळवून होडीकडेच बघत होत्या.

त्या दिवशी होडीसमोर सगळ्या घराचा फोटो काढला. तो मी फॅमिली ग्रुपला डीपी म्हणून लावला. छान आला होता म्हणून क्लबच्या ग्रुपलाही तोच लावला. एका ग्रुपचं नाव 'आपला परिवार', दुसऱ्याचं 'आपला क्लब'. (हुशार वाचकांना पुढचं कळलं असेल. मला कळायला संध्याकाळ झाली.)

त्या रविवारी दादा आणि डॉक्टर होडी घेऊन मधोमध गेले आणि कुठूनशी एक वावटळ उठली. शीड फडफडलं, होडी आडवी झाली, भरली आणि बघता बघता तळाला गेली. दोघांच्या अंगात लाइफ जॅकेटं होती, त्यामुळे ते बुचासारखे तरंगत काठाला लागले. दादांचा मोबाईल मात्र होडीबरोबर गेला. दादा ओलेचिंब उभे राहून पाण्याकडे बघत होते. त्यांचा चेहरा बघवेना. मी म्हटलं, सुधाकर, हीच तुझी वेळ. सभासदांना कळव!

चष्मा ओल्या हातांनी पुसून पुसून धुरकट झाला होता, म्हणून खिशात ठेवला. (चष्म्याचं दुकान आहे माझं. हे पुन्हा सांगायला लाज वाटते.) फोटो बघितला, बोटाने दाबला आणि लिहिलं:

'कळविण्यास अत्यंत दुःख होते की आज दुपारी सुमन धरणात बुडाली. दादा सुखरूप आहेत. पाणी खोल असल्याने आज बाहेर काढता येणार नाही. उद्या सकाळी सर्वांनी दोर आणि ट्रॅक्टरच्या ट्यूब घेऊन यावे. चहाची व्यवस्था आहे.'

मग वाटलं, पुढचं धोरणही स्पष्ट असावं. म्हणून आणखी एक:

'दादांचे म्हणणे, तशीही जुनीच झाली होती. कोणाची हरकत नसल्यास नवी पाहू.'

मोबाईल स्कूटरच्या डिक्कीत टाकला आणि आम्ही होडी बुडाली तिथे खूण म्हणून एक रिकामा कॅन दोरीने बांधून तरंगत सोडायच्या उद्योगाला लागलो. त्यात ऊन उतरलं.

घराच्या गल्लीत स्कूटर वळवली, तर समोर माणसंच माणसं! टेंट हाउसच्या खुर्च्या. वणीची आत्या, दारव्ह्याचे काका, शेजारच्या कुसुमकाकू, सगळे डोळे पुसत होते. माझी बायको मीनाक्षी पायरीवर बसून हुंदके देत होती.

"दादा," मी म्हटलं, "लोकाईले होडीचा किती जिव्हाळा आहे पाहा!"

दादांनाही भरून आलं. इतक्यात गर्दीतून वहिनींचे भाऊ दिगांबरराव पुढे आले. पहाडासारखा माणूस, रडून डोळे लाल झालेले. त्यांनी दादांची कॉलर धरली.

"जवाई, कशी बुडाली माही सुमन?"

"वाऱ्यानं," दादा म्हणाले. "एका बाजूले कलली, मंग सावरलीच नाही."

"अन् तुमी काय करून राह्यलते?"

"मी काय करू? पह्यले माह्या जिवाचं पाह्यलं. तिच्या बुडाले भोक होतंच. मी म्हटलं होतं, या हिवाळ्यात डांबर लावू म्हून."

दिगांबररावांचा हात सैल पडला. दारव्ह्याचे काका म्हणाले, "अन् नवी पाहतो म्हणता? आजच्या आज?"

"आज नाही," दादा समजुतीने म्हणाले. "सगळ्याइच्या विचारानं. पण यावेळी हलकी घेऊ. दोघातिघाले उचलता आली पाह्यजे."

मग जे झालं ते मी थोडक्यात सांगतो, कारण त्यातला बराच भाग माझ्या पाठीवर झाला. दादांना मारायला दिगांबरराव धावले, मी मध्ये पडलो आणि ओरडलो, "अहो, मी सगळ्याइले मेसेजमधे कळवलं ना!" यावर मीनाक्षीने रडता रडता मोबाईल माझ्या नाकासमोर धरला. मी खिशातून चष्मा काढला. घातला. वाचलं. वर 'आपला परिवार' असं लिहिलेलं होतं. जमिनीने पोटात घ्यावं असं वाटलं, पण सिमेंटचं अंगण होतं.

"बाप्पा!" एवढंच तोंडातून निघालं.

त्याच वेळी गल्लीच्या तोंडाशी ऑटो थांबला. हातात पिशवी, पिशवीत पराठ्यांचा डबा, अशा सुमनवहिनी उतरल्या. नातवाने कार्टून बघून बघून त्यांच्या मोबाईलची बॅटरी संपवली होती आणि त्या सकाळीच परतून थेट धरणावर गेल्या असतील असं धरून, लेकीला हे फोनवर सांगायचं धाडस कोणी केलंच नव्हतं. वहिनींनी खुर्च्या पाहिल्या, रडणारी माणसं पाहिली. पिशवी टाकून त्यांनी कुसुमकाकूंच्या गळ्यात मिठी मारली आणि हंबरडा फोडला.

"काकू वं! कोन गेलं वं?"

काकूंनी एकदा त्यांच्या तोंडाकडे पाहिलं.

"तूच गेली वं बाई!" म्हणाल्या आणि खुर्चीसकट मागे पडल्या.

हसू आवरत नाही ना? मलाही आवरत नाही, इथपर्यंत. घराघरात हा किस्सा मी इथपर्यंतच सांगतो. पुढचं सांगत नाही.

सगळे शांत झाल्यावर, पराठेही संपल्यावर, दिगांबरराव एकदम उठले. "आईले सांगतलं मी," म्हणाले. "निघताना सांगून आलो."

वहिनींची आई केळापूरच्या पलीकडे खेड्यात राहते. ऐंशीच्या पुढची, नजर गेलेली. घरी फोन लावला, तर सून म्हणाली, "त्या कोनाचं आयकून नाही राह्यल्या. सुमन जिती आहे म्हटलं, तं म्हणतात मले फसवता." डॉक्टर त्यांची गाडी घेऊन आले. वहिनी, दिगांबरराव आणि मागच्या सीटवर आखडून मी.

म्हातारी दारातच बसली होती, पाय पसरून, समोर पाण्याचा तांब्या तसाच भरलेला. वहिनी जवळ गेल्या. "आई, मी आलो वं." म्हातारीने दोन्ही हातांनी तिचं तोंड चाचपलं. कपाळ, नाक, कानातले. मग केस हुंगले. मग परत तोंड. खूप वेळ तेच. नुसते हात चालू होते.

मी काहीतरी बोलायला हवं म्हणून म्हटलं, "आजी, माही चूक झाली. होडीचं नाव सुमन, ती बुडाली, अन् मेसेज चुकून दुसरीकडे गेला."

"हा कोन?" तिने विचारलं.

"दीर आहे माहा."

म्हातारी माझ्या दिशेने वळली. मला वाटलं, आता शिव्या. शिव्या चालल्या असत्या. ती म्हणाली, "बाबू, पान्यात जाते त्या चिजीवर माह्या पोरीचं नाव नोको ठिवू."

दुसऱ्या दिवशी सगळे सभासद आले. दोर आले, ट्यूब आल्या, होडी वर आली. (चहाही होता.) होडी वाळल्यावर दादा पत्र्याची पट्टी घेऊन उकिडवे बसले आणि ते लाल 'सुमन' खरवडायला लागले. मी म्हटलं, "दादा, द्या, मी करतो." त्यांनी दिलं नाही. वहिनी जरा लांब उभ्या होत्या.

"ऱ्हाऊ द्या म्हटलं असतं," त्या मला हळूच म्हणाल्या, "पण आईले शब्द देला." आणि मग, "अक्षर खरंच बरं होतं हो, भाऊजी."

दादांनी त्यानंतर कौतुकाचं दुसरं काही केलेलं माझ्या पाहण्यात नाही. एकदा जमलं होतं बिचाऱ्यांना. ते माझ्या बोटाने गेलं. टोमणा त्यांनी कधीच मारला नाही, आणि त्याचाच त्रास जास्त होतो.

होडी बरेच दिवस बिननावाची राहिली. पुढे बैठक बसली. जिनिंगच्या मॅनेजरांनी देवीचं नाव सुचवलं, तर वहिनी म्हणाल्या, "देवीले बुडवता काय?" डॉक्टरांनी स्वतःच्या बायकोचं सुचवलं, त्या बाई बैठकीतून उठूनच गेल्या. शेवटी वहिनी म्हणाल्या, "भाऊजीचंच टाका ना."

मी उठून हात जोडले. "वहिनी, इतकं होऊनही तुमी मले हा मान..."

"मान कायचा?" वहिनी म्हणाल्या. "बुडाली तं कोनी रडाले नाही पाह्यजे."

ठराव एकमताने मंजूर झाला. मीनाक्षीनेही हात वर केला, ती सभासद नसताना! आता होडीवर मोठ्या निळ्या अक्षरांत 'सुधाकर' आहे. भोक काही बुजत नाही. डांबर लावा, एमसील लावा, पाणी येतंच. आणि मी दुकानात कुणाचा नंबर तपासत बसलेलो असतो, तेव्हा धरणावरून परतणारे डॉक्टर रस्त्यावरूनच गाडीची काच खाली करून मास्तरांना ओरडून कळवतात, "सुधाकरचं बूड अजून गळूनच राह्यलं, बरं का!"

समोरच्या गिऱ्हाईकाला बोर्डावरचं सगळ्यात मोठं अक्षर दिसत नसतं. पण तो चष्म्याशिवाय माझ्याकडे अगदी स्पष्ट बघतो, आणि हळूच आपली खुर्ची मागे सरकवतो.