परीचं खरं वजन

वैशाली, सुनीता, गंगाबाई, मी, अन काट्याले लटकलेली परी. वजनाच्या दिवशी अंगणवाडीत आमी येवढ्याच होतो. वैशाली म्हंजे आमची सेविका, बी.ए. झालेली पोरगी. परी अकरा महिन्याची. सुनीता तिची माय, गंगाबाई तिची आजी, म्हंजे सुनीताची सासू. मी कमलाबाई, मदतनीस. मदतनीस लेकरं घरून आणते, झाडते, खिचडी शिजवते. माही शाळा चवथीपर्यंत.

काटा म्हंजे हुकाले टांगलेला गोल डायल. त्याले खाली झोळी. झोळीत लेकरू टाकाचं, रडू द्याचं, सुई थांबली का वाचाचं.

"सहा किलो तीनशे," वैशालीनं वाचलं अन मोबाईलमधी भरलं. वजन भरलं का मोबाईलच रंग सांगते. हिरवा म्हंजे लेकरू चांगलं. पिवळा म्हंजे ध्यान द्या. लाल म्हंजे दवाखान्यात न्या. परीचा पिवळा आला. तीन महिन्यापासून पिवळाच येत होता. दंड मोजाची एक पट्टी बी असते, पण आमच्या पट्टीचे रंग पुसून गेलते. नवी मांगतली होती.

मी परीच्या पायाकडे पाहून राह्यलती. तिच्या पायात चांदीचे कडे. बसवले तवा घोट्याले घट्ट होते. आता तिनं पाय वर केला का कडं गुडघ्यापर्यंत घसरे.

आमच्या मारेगावकडच्या गावात जावळ काढेपर्यंत लेकराच्या आंगावरची चांदी काढत नाई. नजर लागते म्हंतात. गंगाबाईचा पयला नातू गेलता. म्हून परीले त तिनं घरातली सारी जुनी चांदी घातलती. कडे, वाळे, कमरेची साखळी. जुनी चांदी, भारी. पयलेची सेविका लेकरू पाहून चांदीचं वजन अंदाजानं कमी करून लिहे. थे रिटायर झाली, वैशाली आली. तिले हे कोणी सांगतलं नाई.

मले सांगता आलं असतं. पण वैशाली आल्यावर पयल्याच मीटिंगमधी सुपरवायझर मॅडम मले म्हणे, "कमलाबाई, तुम्ही खिचडी बघायची. आकडे वैशाली बघेल." मी खिचडी पाह्यली. तीन महिने पाह्यली.

वैशाली बी इथं मनानं नव्हतीच. रजिस्टरखाली तिचं तलाठी परीक्षेचं पुस्तक राहे. मले सांगे, "मावशी, मी काई इथं जन्म काढाले नाई आली." मी म्हणे, "मी बी नवती आली. निघाचंच राह्यलं."

त्या दिवशी सुनीता परीले झोळीतून काढून राह्यली, अन परी रडली नाई. झोळीतून काढलेलं लेकरू रडत नाई, मायले धरत नाई, हे चांगलं नाई. मी म्हणलं, "वैशाली, हे वजन लेकराचं नाई. चांदीचं हाय."

"म्हंजे?"

मी कडं गुडघ्यापर्यंत सरकवून दाखवलं.

वैशालीचं तोंड उतरलं. "आजी, चांदी काढा. पुन्हा वजन करू."

"आबई!" गंगाबाई उठूनच उभी राह्यली. "एक घालवला मी. आंगावरची चांदी सोडाची नाई."

"दोन मिनिटांसाठी."

"नजरेले दोन मिनिट लय झाले वं पोरी. तू बुकं वाच."

सुनीता खाली पाहून बसली. सासूसमोर तिचा आवाज निघत नवता. मले माहीत होतं का गंगाबाईशी भांडून चांदी निघत नाई. मी तिले इचारलं, "गंगाबाई, आंगाले लागून राह्यली त चालते ना?"

"लागून राह्यली त चालते."

मी खिचडीच्या पोत्याचा दोरा काढला. धुतला. एक टोक परीच्या पायाले सैल बांधलं. कडे, वाळे, साखळी काढून दुसऱ्या टोकाले बांधली अन गंगाबाईच्या हातात देल्ली. "घे. लेकराले बांधूनच हाय. तू धरून उभी राह्य. वढू नको, ढील दे." गंगाबाईनं दोरा चार खेपा पाह्यला. मंग काट्याजवळ येऊन उभी राह्यली.

सुई थांबली. पाच किलो नऊशे. म्हंजे लाल.

वैशालीनं तीन खेपा वाचलं. मोबाईलमधी भरलेलं बदलाचं त सुपरवायझर मॅडमले सांगा लागे. तिनं फोन लावला, स्पीकरवर, अन सारं सांगतलं.

"आत्ता राहू दे," मॅडम म्हणे. "पुढच्या महिन्यात लाल दाखव. तुमच्या गावात एकही लाल नाही, असा रिपोर्ट कालच वर गेलाय."

"मॅडम, पुढच्या महिन्यापर्यंत हे पोरगी राह्यली पायजे ना."

"तीन महिने पिवळं, आज एकदम लाल? उत्तर कोण देणार? कारणे दाखवा नोटीस निघेल तुझ्या नावानं. परीक्षा देतेयस ना तू?"

वैशालीनं रजिस्टर सरकवलं. पुस्तक समोरच होतं. मंग म्हणे, "निघू द्या मॅडम. मी लाल भरून राह्यली."

मी फोनजवळ तोंड नेलं. "मॅडम, नोटिशीत माहं बी नाव टाका. मले तीन महिन्यापासून ठाऊक होतं."

मॅडमनं फोन ठेवला. वैशाली माह्याकडे पाहून राह्यली. बोलली असती त बरं झालं असतं.

लाल लेकराले यवतमाळले दवाखान्यात न्या लागते, मायसंगं. चवदा दिवस. ऐन कापूस येचाचे दिवस होते. सुनीतानं सासूकडे पाह्यलं. गंगाबाईच्या हातात अजून चांदी होती. तिनं वैशालीले इचारलं, "हे किती भरलं?"

"चारशे ग्राम."

गंगाबाईनं मूठ वर-खाली केली. मंग सुनीताले म्हणे, "पिशवी भर. कापसाचं मी पाहीन." अन मले म्हणे, "दोरा तसाच राहू दे. मोटारीत मी धरीन." यवतमाळपर्यंत तिनं दोरा सोडला नाई. तिथं नर्सनं सोडवला. काय बोलून सोडवला, थे गंगाबाईनं अजून सांगतलं नाई.

परी वापस आली तवा चांदी काढून सहा किलो सातशे भरली. झोळीतून काढल्यावर रडली, अन मायच्या पदराले धरलं. कडे पुन्हा घोट्यावर बसले.

परी दवाखान्यात होती तवा एका दिवशी आमी साऱ्या गावातल्या लेकरांचं दोरा बांधून पुन्हा वजन केलं. दोन हिरवे पिवळे झाले. कागदावर गाव एका दिवसात दुबळं झालं. नोटीस आली, दोघींच्या नावानं. उत्तर वैशालीनं लिहिलं. मी खाली सही केली, सहीले थोडा वेळ लागला. लेखी समज देल्ली अन फाईल बंद झाली. पट्टी बी नवी आली.

तलाठ्याची परीक्षा वैशालीनं देल्ली नाई. काहून, ते मी इचारलं नाई. तिनं मात्र मले इचारलं, "मावशी, तुमी हे काम काहून धरलं होतं?" मी खरं सांगतलं. घराजवळ होतं. चांगलं काम निवडून कोणी येत नाई. बाकीच्याईचं काय होते मले ठाऊक नाई, माह्यासमोर त परी आली. अन मी तीन महिने उशिरा बोलली, थे माह्या नावावर राहीन.

आता मी रिटायर हाय. हे वाचणाऱ्याले येकच म्हणणं. तुमच्या घरची पोरगी कोणतं काम धरू म्हणून इचारत असन, त तिले वजनाच्या दिवशी तुमच्या गावच्या अंगणवाडीत घेऊन जा. तिथं मदतनीस असन. तिले इचारा, तुले काय दिसते. अन थे सांगीपर्यंत बसा.