चिंच-राखेनं घासलेलं नाणं

आमच्या गावाबाहेर, तेरणेच्या काठावर, पांढरीचं टेकाड होतं. पांढरी म्हणजे जुन्या, मोडून गेलेल्या वस्तीची माती. तिच्यावर ज्वारी चांगली येते म्हणून गावकरी पिढ्यानपिढ्या ती गाड्या भरून शेतात नेत आले. तरी टेकाड उरलं होतं. गेल्या हिवाळ्यात ठेकेदाराचं मशीन आलं आणि रस्त्याच्या भरावासाठी ते टेकाड दिवसाढवळ्या खाऊ लागलं. आमच्या आधी इथं कोण राहत होतं, हे सांगणारी तेवढी एकच जागा. मी सगळीकडं हात जोडले. सगळे विचारत, जुनं आहे याला पुरावा काय?

पुरावा मला सापडला. खणलेल्या कडेत एक जड, काळपट चकती होती. अंगठ्यानं माती सारली तर सोंड उचललेला हत्ती दिसला आणि काठाशी अक्षरं. ती मला वाचता येईनात. मोबाइलवर फोटो काढले. कॅमेऱ्याची काच तडकलेली, एकही धड आला नाही. घरी आल्यावर चकती वाटीत ठेवली आणि रेंजसाठी गच्चीवर जाऊन धाराशिवच्या एका निवृत्त प्राध्यापकांना फोन लावला. ते जुनी नाणी ओळखतात. "अक्षरं म्हणजे राजाचं नाव असणार. पुसू नका, आहे तसं आणा," ते म्हणाले.

खाली आलो तर आई देव्हाऱ्यापुढं बसलेली. आमच्याकडं मातीतून नाणं निघालं की लक्ष्मी म्हणून देवात ठेवतात, आणि देवात ठेवायचं ते आधी चिंच-राखेनं घासतात. नाणं लखलखत होतं. वर हळदीकुंकू.

"लई मळलं होतं रं," आई म्हणाली. "आता बघ कसं दिसतंय."

मला ओरडायचं होतं. नाणं उचलून उजेडात धरलं, काठावरची अक्षरं गेली होती.

दुसऱ्या दिवशी निघताना तिला एवढंच सांगितलं, की त्यावर नाव होतं आणि त्या नावावर टेकाड वाचणार होतं.

प्राध्यापकांनी ते भिंगाखाली बराच वेळ फिरवलं. "शिसं आहे, मऊ असतं. सातवाहनांचं असावं. ही हत्तीची पाठ म्हणता येईल. पण अक्षरं गेली. नुसत्या 'असावं'वर मशीन थांबत नाही हो. अक्षरांसकट दुसरं मिळालं तर मी लगेच पुरातत्त्व खात्याला पत्र देतो."

एसटीतून उतरून थेट टेकाडावर गेलो. निम्मंही उरलं नव्हतं. मशीनच्या पुढ्यात आई मातीत बसली होती, हातात ज्वारीची चाळण.

"ह्या अंगाची म्या चाळली," ती वर न बघता म्हणाली. "तू त्या अंगाची घे."

मी ओंजळीनं माती उपसू लागलो. खापरं निघत होती, पण खापरांना कोण विचारतो? दिवस कलला तसा मशीनवाला खाली उतरून आला.

"आजी, उठा आता."

"थांब रं बाबा, एवढी चाळून हू दे."

तो थांबला. आईनं चाळण हलवली. माती खाली गेली, वर खडे राहिले. तिनं ते एकेक करून बोटांनी उलटून पाहिले, मग पुन्हा पाहिले. मशीनवाला वर चढला आणि त्यानं इंजिन सुरू केलं.