मी नागाव का सोडलं

इरा आणि निखिल,

तुमच्या आईने परवा फोनवर सांगितलं की मे महिन्यात तुम्ही टोरांटोहून येणार, पण राहणार नागावला, काकीआजीच्या होमस्टेमध्ये. माझ्याकडे पनवेलला फक्त एक दुपार. मुलांना कारण काय सांगितलंस असं विचारलं, तर म्हणाली, आजीचे गुडघे दुखतात. माझे गुडघे उत्तम आहेत. म्हणून हे आजच लिहिते आहे.

मी नागाव सोडलं तेव्हा टेम्पोत एक कपाट, शिलाई मशीन आणि पुस्तकांची दोन खोकी होती. आजोबा जाऊन चार वर्षं झाली होती. काकीआजी, म्हणजे माझी धाकटी जाऊ, निरोपाला बाहेर आली नाही.

त्याच्या आदल्या वर्षी मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी रक्त तपासलं आणि हिपॅटायटिस बी निघाला. अलिबागच्या डॉक्टरांनी नीट समजावलं. विषाणू यकृतात आहे, रोज एक गोळी, बहुधा जन्मभर. एका ताटात जेवल्याने किंवा जवळ घेतल्याने तो लागत नाही. घरच्यांनी तपासणी करून लस घ्यावी. मी घरी येऊन शब्दन्‌शब्द सांगितलं. दुसऱ्या दिवशी माझं ताट न्हाणीच्या कट्ट्यावर होतं.

"वायलं ठेवलंय, ताई. राग नका मानू, घरात पोरंबाळं हायत," जाऊ म्हणाली.

मग यकृताचा आजार म्हणजे कावीळच, असं ठरवून कावीळ उतरवणाऱ्या बाईंना बोलावणं गेलं. त्यांनी माझ्या हातांना पाला चोळला आणि परातीतल्या चुन्याच्या निवळीत हात धुवायला लावले. पाणी पिवळं झालं. घरात सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला. "सगली उतरली बघ. आता त्या गोल्या कनाला?" बाई म्हणाल्या.

माझे डोळे तेव्हा पांढरेशुभ्र होते. मला कावीळ नव्हतीच, मग उतरलं काय? तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवताना मी मुलांना प्रश्न विचारा म्हणत होते, आणि तिथे मीच विचारला नाही. मला पुन्हा सगळ्यांबरोबर जेवायला बसायचं होतं. मी गोळ्या बंद केल्या.

तीन महिन्यांनी डोळे खरोखर पिवळे झाले, पोट फुगलं. मुंबईच्या हॉस्पिटलमध्ये अठरा दिवस काढले. गोळी मध्येच सोडल्यामुळे विषाणू उसळला होता. कोणी सांगितलं बंद करायला, असं डॉक्टरांनी विचारलं. मी म्हटलं, कोणी नाही. त्या उत्तराचा मला अजून संताप येतो.

वाचून घरी आले, तर ताट कट्ट्यावरच. त्याच आठवड्यात मी टेम्पो सांगितला.

आता सकाळी रिकाम्या पोटी गोळी, दर सहा महिन्यांनी रक्त आणि सोनोग्राफी. रिपोर्टमध्ये विषाणू सापडत नाही, तरी गोळी थांबत नाही. वरच्या मजल्यावरच्या शेखबाईंना सगळं माहीत आहे. त्या येतात, माझ्या तव्यावरची आंबोळी उचलून उभ्या उभ्याच खातात आणि मीठ कमी आहे म्हणतात.

तुमच्या आईची तपासणी झाली आहे, तिला काही नाही. तुम्हाला लहानपणीच लस दिली आहे. तरीही ती माझा आजार गुडघ्यात लपवते. तिला सांगा, आम्ही आजीकडे राहणार. तुम्हीच सांगायला हवं, माझं ती ऐकत नाही.

नागावच्या वाडीत नारळ आहेत, आता स्विमिंग पूलही आहे. मला तिथे परत जायचं नाही. इथल्या दोन खोल्यांत मी माझ्या आजाराचं नाव मोठ्याने घेते, म्हणून हे माझं घर. विषाणू अंगात राहणार आहे. यकृत काम करतं आहे. मी आहे.