एमरेच्या वाट्याची कॉफी

माझ्यासारख्या भांडकुदळ माणसाला मुलगी मागायला कुणी नेऊ नये. इथे अमेरिकेत, कॅरी गावात, मला नेलं, आणि मी काय दिवे लावले ते ऐका.

एमरे आमचा शेजारी, तुर्की इंजिनियर. एलिफही तुर्की, पण इथेच वाढलेली. दोघांचं जमलं. त्यांच्यात मुलाकडच्या वडीलधाऱ्याने घरी जाऊन रीतसर मागणी घालायची असते, आणि एमरेच्या आईवडिलांना तर व्हिसा मिळेना.

"काका, तुम्हीच चला," तो म्हणाला. "एलिफचे बाबा आधीच कुरकुरताहेत. ज्याच्या मागे कुणी नाही त्याला मुलगी कशी देऊ, म्हणतात."

मी एका पायावर तयार. जन्मभर बातमीदारी केली. तुर्की मंडळी इथे कशी रुजली, यावर लिहायचं कधीचं डोक्यात होतं.

"लेख घरी लिहा," बायको गाडीत म्हणाली. "तिथे फक्त मुलगी मागा. आणि अहो, भांडू नका."

दारात बूट काढले, सपाता मिळाल्या, तळहातावर लिंबाच्या वासाचं कोलन, म्हणजे अत्तरपाणी, ओतलं गेलं. मी विचारत सुटलो. कोलन कशाला? अमेरिकन पाहुण्यांनाही बूट काढायला लावता?

"लावतो की," एलिफचे बाबा म्हणाले. "आमचा पिझ्झावाला तर आता न सांगता काढतो."

मी खूश. तेवढ्यात माझी नजर ओपन किचनकडे गेली. एलिफ कॉफी करत होती. तिने एका कपात चमचाभर मीठ घातलं. मग आणखी एक चमचा. आणि नेमका तोच कप एमरेला आणून दिला.

आता तुम्हीच सांगा, बातमीदार काय समजेल? मुलीला हे लग्न नको आहे! प्रेमाच्या गोष्टी मी ऐकल्या त्या एकट्या एमरेच्या तोंडून. म्हणजे एकतर्फी माहिती. बिचारीला बोलायची सोय नाही, म्हणून ती मिठातून सांगतेय.

एमरेने घोट घेतला. डोळ्यांत पाणी, ओठांवर हसू. मी त्याच्या हातातून कप काढून घेतला.

"थांबा. या मुलीची संमती कुणी विचारली आहे का? कॉफीत मीठ आहे."

"कसलं मीठ?" बाबांचा चेहरा कोरा.

"काका, प्लीज, कप द्या," एमरे कळवळला.

"गप्प बस. पुरावा आहे हा."

आणि तो पुरावा मी सगळ्यांदेखत पिऊन टाकला, तळाच्या गाळासकट. घसा जळत होता, पण तोंड वाकडं केलं नाही. विरोधकांसमोर करायचं नसतं.

एलिफला हसू आवरेना.

"काका, ती त्याची परीक्षा होती. नवऱ्यामुलाने खारट कॉफी हसत प्यायची. पुढे बायकोचं सगळं निमूट सोसेन, असा त्याचा अर्थ."

"परीक्षा तर हे पास झाले," बाबा माझ्याकडे बघत म्हणाले. "आता मुलगी कुणाला देऊ?"

एमरेचा चेहरा पांढराफटक. मला वाटलं, बुडवलं मी पोराला.

बाबा मात्र त्याच्याकडे वळले. "याच्या मागे कुणी नाही असं म्हणत होतो मी. याच्या वाट्याचं मीठसुद्धा पिणारं माणूस आहे की. एलिफ, दुसरा कप कर."

तिने केला, सढळ हाताने. एमरे हसत प्यायला, मी गुमान मागणी घातली, होकार मिळाला.

परतताना गाडीत बायको शेजारी होती. न राहवून मी म्हणालो, "निभावलं की नाही?"

"निभावलंत," ती म्हणाली. "थेंब ठेवला नाहीत, कपाळावर आठी नाही. आता आमटीत मीठ जास्त झालंय, असं म्हणून तर बघा."